निरोपाची उपासना: सोलापुरातील एका मंडळीच्या पद्धतीचे परीक्षण

मंडळीतील, म्हणजे चर्चच्या सभासदांपैकी, एखादे कुटुंब गाव सोडून निघाले की रविवारच्या उपासनेनंतर त्यांना पुढे बोलवायचे, शाल आणि पुष्पगुच्छ द्यायचा, दोघा-तिघांनी भाषणे करायची आणि पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) घाईघाईने प्रार्थना करून सर्वांना चहाकडे सोडायचे, ही आपल्याकडची रूढ रीत आहे. तिच्यात प्रेम कमी असते असे नाही. पण देव मार्ग दाखवतो असे आपण एरवी ज्या ठामपणे म्हणतो, त्याची त्या दहा-पंधरा मिनिटांत फारशी खूण सापडत नाही. सोलापूर शहरातील एका जुन्या मराठी मंडळीने या रीतीला पर्याय म्हणून पूर्ण उपासनाच निरोपाची करण्याची पद्धत सुरू केली आहे. आमच्या मंडळीच्या वडीलमंडळाला, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या मंडळाला, ही पद्धत आपल्याकडे आणावी की नाही हे ठरवायचे असल्याने मी या उपासनेला पाहुणा म्हणून बसलो, आणि जे पाहिले त्याचे परीक्षण इथे मांडत आहे. मंडळीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण काही उणिवाही सांगायच्या आहेत. एवढे आधीच सांगतो की ही पद्धत घेण्यासारखी आहे, मात्र जशीच्या तशी नाही.

सोलापुरात हा प्रश्न किती नेहमीचा आहे हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय. त्यामुळे रेल्वेतील कुटुंबे येतात, रमतात आणि बदलीचा हुकूम आला की निघतात. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांची घरे चालत होती त्यांची नातवंडे आज हिंजवडीत किंवा चाकणला आहेत. नर्सिंग शिकलेल्या मुली मिरजेला, पुण्याला आणि तिथून आखाती देशांत जातात. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस या दोन गाड्यांनी इथल्या मंडळ्यांची जितकी बाके रिकामी केली असतील तितकी कोणत्याही वादाने केली नसतील. ज्या शहरात माणसे येण्यापेक्षा जाण्याचा वेग जास्त आहे, तिथल्या मंडळीला निरोप देण्याचे काम नीट शिकून घ्यावेच लागते.

त्या रविवारी निरोप तिघांना होता. एक रेल्वे कर्मचारी, त्यांची पत्नी आणि दोन मुले. मिरजेच्या रुग्णालयात रुजू होणारी एक तरुण परिचारिका. आणि मुलाकडे मुंबईला कायमचे राहायला चाललेले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळी मंडळी गुरुजी म्हणते. नोकरीसाठी पुण्याला निघालेले एक तरुण जोडपेही आयत्या वेळी त्यात घेतले गेले. त्यांच्याविषयी पुढे लिहितो.

उपासनेची आखणी साधी होती. सुरुवातीला पेटी-तबल्यावर दोन भजने झाली, मग सेक्रेटरींनी प्रत्येकाचे नाव, ते किती वर्षे मंडळीत होते, काय काम करत होते आणि आता कुठे चालले आहेत, एवढेच चार वाक्यांत वाचले. यात विशेषणे नव्हती. निरोपाच्या भाषणात माणूस अचानक देवमाणूस होतो आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्मे जण एकमेकांकडे पाहू लागतात, हा प्रकार इथे टळला. ‘यांनी अकरा वाजताच्या उपासनेसाठी दर रविवारी चर्चच्या खिडक्या उघडल्या,’ एवढेच रेल्वेतल्या गृहस्थांविषयी सांगितले गेले, आणि ते पुरेसे होते.

शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधील वाचने, दोन होते आणि दोन्ही विचारपूर्वक निवडलेले होते. पहिला गणना या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातला: निवासमंडपावरचा मेघ उठला की इस्राएल लोकांनी कूच करायचे आणि तो थांबला की तळ द्यायचा, मग तो दोन दिवस थांबो, महिनाभर थांबो की त्याहून अधिक. दुसरा प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायातला: प्रेषित पौलाने मिलेत येथे इफिसच्या मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांना, बोलावून घेतले, त्यांच्याबरोबर गुडघे टेकून प्रार्थना केली, ते सर्व फार रडले, आणि तुम्ही माझे तोंड पुन्हा पाहणार नाही असे तो म्हणाला होता म्हणून त्यांना विशेष दुःख झाले, मग त्यांनी त्याला तारवापर्यंत पोहोचवले. आपल्याकडे निरोपाच्या वेळी कोणी रडले की ‘विश्वास ठेवा, रडू नका’ असे सांगणारे चार लोक लगेच पुढे येतात. हा पाठ वाचल्यावर तसे कोणी म्हणाले नाही. इफिसचे वडील रडले, आणि त्यांच्या विश्वासाला उणे असे शास्त्र कुठेही म्हणत नाही.

प्रवचन हा या उपासनेचा सर्वांत भक्कम भाग होता. पाळकसाहेबांनी मेघाच्या पाठातून जो मुद्दा काढला तो मी आजवर निरोपाच्या प्रसंगी ऐकला नव्हता. मेघ उठणे हे जसे देवाचे मार्गदर्शन, तसेच मेघ थांबणे हेही मार्गदर्शनच आहे, असे ते म्हणाले. आपण मात्र जाणाऱ्यांनाच देवाने बोलावले असे समजतो आणि मागे राहिलेल्यांना कोणी विचारले नाही असे धरून चालतो. जो कुठेही गेला नाही, ज्याने त्याच चर्चच्या त्याच बाकावर चाळीस वर्षे काढली, तोही मेघाखालीच बसलेला आहे. हे बोलताना त्यांची नजर जाणाऱ्यांकडे नव्हती, मागच्या ओळींतल्या वृद्धांकडे होती.

त्यानंतर त्यांनी एक इतिहास सांगितला, आणि तो सोलापुरातल्या मराठी ख्रिस्ती माणसाला चांगला लागू पडणारा आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सेलम येथील टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देऊन परदेशी सेवेसाठी निरोप देण्यात आला. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे कलकत्त्याला पोहोचले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना देश सोडून जायला सांगितले. ते कसेबसे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथून सुरू झाले. नॉट यांची प्रकृती साथ देईना म्हणून ते थोड्याच वर्षांत मायदेशी परतले आणि पुढे दीर्घकाळ जगले. हॉल इथेच राहिले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने वारले. त्याच मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे उभारले आणि १८६० च्या दशकात ते सोलापूरला आले.

एकाच दिवशी, एकाच छपराखाली, एकाच प्रार्थनेने ज्यांच्या डोक्यावर हात ठेवले गेले, त्यांच्यापैकी एक जण परतला आणि दुसरा चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना परक्या मातीत पुरला गेला. पाळकसाहेबांनी विचारले, या दोघांपैकी देवाने कोणाला मार्ग दाखवला? मग स्वतःच म्हणाले, दोघांनाही. पण पुढे काय होणार हे त्या सेलमच्या मंडळीला निरोपाच्या दिवशी कळले नव्हते आणि कळण्याची गरजही नव्हती. आपल्यालाही आज ते कळणार नाही. तुम्ही जिथे चाललात तिथे सगळे चांगलेच होईल असे वचन मी देऊ शकत नाही, असे पाळकाने निरोपाच्या उपासनेत उघडपणे म्हणणे याला धाडस लागते. देवावर विसंबणे आणि देवाचा बेत आपल्याला माहीत असल्याचा आव आणणे यांत जे अंतर आहे ते या प्रवचनाने नेमके दाखवले, आणि माझ्या मते या पद्धतीचा सगळा कस तिथे आहे.

याच्या अगदी उलट वागणूक भेटवस्तूंच्या टेबलावर दिसली. युवक संघाने प्रत्येकासाठी वचनाची फ्रेम करून आणली होती, आणि वचन अर्थातच यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे होते: तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, या आशयाचे. निरोप, वाढदिवस, दहावीचा निकाल, नवे दुकान, कुठेही हेच वचन. हे वचन बाबेलच्या बंदिवासात गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातले आहे. त्याच्या आधीच्याच ओळीत सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे, आणि त्याही आधी परक्या शहरात घरे बांधा, मळे लावा, त्या शहराच्या हितासाठी प्रार्थना करा असे बजावले आहे. म्हणजे लवकर परत येण्याची किंवा झटपट भरभराटीची आशा धरू नका, हे त्या पत्राचे म्हणणे आहे. मिरजेला किंवा मुंबईला नव्याने राहायला जाणाऱ्यासाठी खरे उपयोगी वचन सातवे आहे, ज्या शहरात जाल त्याच्या हितासाठी झटा असे सांगणारे. पण ते फ्रेमवर कोणी छापत नाही. संडे स्कूलच्या मुलांनी केलेल्या शुभेच्छापत्रावर मिस्पाचे वचन होते, आपण एकमेकांच्या दृष्टीआड असताना परमेश्वर आपणांवर नजर ठेवो असे. तेही दिसायला सुरेख; पण उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायात ते लाबान आणि याकोब या दोघा सासरे-जावयांनी एकमेकांवर तिळमात्र भरवसा नसल्याने दगडांची रास रचून घेतलेल्या बोलीतले आहे. मुलांना दोष नाही. पण कार्ड छापण्याआधी कोणा मोठ्याने अध्याय उघडून पाहायला हरकत नव्हती.

फ्रेमपेक्षा चादर चांगली, हे माझे मत मी तिथेही बोलून दाखवले. वडीलमंडळाकडून प्रत्येक कुटुंबाला सोलापुरी चादर दिली गेली, आणि ती दुकानातून उचलून आणलेली नव्हती. मंडळीतल्याच एका बाईंनी पूर्व भागातल्या कारखान्यातून पोत हाताने पाहून निवडलेली होती. जॅकार्डवर विणलेली, दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणारी, एका बाजूला जिथे गडद रंग तिथे दुसऱ्या बाजूला फिका. पहिल्या दोन-तीन धुण्यांत ती थोडी आटते आणि मग मऊ होते, हे त्या बाईंनी प्रत्येकाला न विसरता सांगितले. मिठाच्या पाण्यात एकदा भिजवा हेही सांगितले. मुंबईच्या दमट हवेत तिचा उपयोग काय, असे कोणीतरी पुटपुटले. गुरुजींनी लगेच उत्तर दिले, की मुलाच्या घरी एसी आहे आणि त्यांना त्याचीच धास्ती आहे.

मात्र ज्या एका गोष्टीसाठी ही पद्धत इतर मंडळ्यांनी उचलावी असे मी म्हणेन, ती म्हणजे शिफारसपत्र. मंडळी बदलताना सभासदत्वाचा दाखला देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण तो छापील नमुना असतो: अमुक व्यक्ती आमच्या मंडळीची सभासद असून तिची वर्तणूक समाधानकारक आहे, खाली सही, शिक्का. हा दाखला बहुधा मागितल्यावर मिळतो आणि कपाटात राहतो. इथे प्रत्येकासाठी स्वतंत्र पत्र लिहिले होते, ते ज्या मंडळीत जाणार तिच्या पाळकांच्या नावाने, आणि ते उपासनेत मोठ्याने वाचून मग जाणाऱ्याच्या हाती दिले गेले. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रियाच्या फीबीची ज्या प्रकारे शिफारस केली आहे, तिचा प्रभूमध्ये स्वीकार करा आणि तिला ज्या कामात गरज पडेल त्यात साहाय्य करा असे सांगून, तोच धागा या पत्रांत होता.

परिचारिकेच्या पत्रात लिहिले होते की ती रात्रपाळीमुळे अनेक रविवारी येऊ शकणार नाही, तेव्हा तिची गैरहजेरी उदासीनता समजू नये, आणि तिला आठवड्यातून एकदा कोणीतरी घरचे जेवण विचारावे. गुरुजींच्या पत्रात लिहिले होते की त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते म्हणून त्यांना पुढच्या ओळीत उजव्या बाजूला नव्हे तर डाव्या बाजूला बसवावे, म्हणजे त्यांचा चांगला कान वेदीकडे राहील. आणि मुलांना शिकवण्याची त्यांची फार इच्छा आहे, पण ते स्वतःहून कधी विचारणार नाहीत, तेव्हा तुम्हीच विचारा. हे वाचले जात असताना गुरुजी खाली पाहत होते आणि त्यांची सून, जी त्यांना न्यायला आली होती, मोबाईलवर ते टिपून घेत होती. देव पुढे सांभाळील या विश्वासाबरोबर आपल्या वाटचे काम करून ठेवणे म्हणजे काय, हे मला या दोन पत्रांत दिसले.

पत्र दिल्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. कृत्यांच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना पाठवले, त्याला अनुसरून. इथे वडीलमंडळातल्यांनीच नव्हे तर जाणाऱ्यांना जे जवळचे होते त्यांनी पुढे यावे असे सांगण्यात आले. रेल्वेतल्या कुटुंबाच्या धाकट्या मुलाभोवती त्याच्या वर्गातली सहा-सात पोरे गोळा झाली आणि कोणाचा हात कुठे ठेवायचा यावरून थोडी ढकलाढकलीही झाली. ती कोणी थांबवली नाही, हे बरे केले.

यानंतर मागे राहणाऱ्यांसाठी प्रार्थना होती, आणि तिथेच त्या दिवसाचा सर्वांत अवघड प्रसंग आला. रेल्वेतल्या गृहस्थांच्या आईला गुडघ्यांमुळे नव्या ठिकाणच्या तिसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये नेणे शक्य नव्हते. त्या इथेच धाकट्या मुलीकडे राहणार होत्या. प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच त्या बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाल्या, ‘पाळकसाहेब, देवानं त्यांना तिकडं नेलं म्हणता, मग मला इथंच कशापायी ठेवलं?’ चर्चमध्ये एकदम शांतता झाली. इथे मेघाचा मुद्दा पुन्हा सांगता आला असता. तो प्रवचनात होता आणि सगळ्यांना आठवतही होता. पाळकसाहेब म्हणाले, ‘आजी, ते मला ठाऊक नाही. पण या गुरुवारपासून प्रार्थनासभा तुमच्याकडे घेऊ, चालेल ना?’ आजींनी विचार केला आणि म्हणाल्या, ‘चहा मी करीन, पण लोकं किती ते आधी सांगा.’ मला हे उत्तर प्रवचनाइतकेच मोलाचे वाटले. आजींना कारण हवे होते, ते कोणाकडे नव्हते; जे देता येण्याजोगे होते ते पाळकांनी दिले.

आता उणिवा.

तरुण जोडप्याला आयत्या वेळी यादीत घातले, ही पहिली. त्यांनी पुण्याची नोकरी घेतल्याचे मंडळीला गुरुवारी कळले आणि रविवारी निरोप झाला. नवऱ्याने दोन शब्द बोलताना सांगितले की देवाने दार उघडले, पगार जवळजवळ दुप्पट झाला, यावरूनच त्याची इच्छा स्पष्ट आहे. त्याच्या आनंदाला गालबोट लावण्याची माझी इच्छा नाही. पण पगाराचा आकडा हाच देवाच्या इच्छेचा पुरावा मानायचा असेल तर ज्यांची बदली कमी सोयीच्या ठिकाणी झाली त्यांना काय सांगायचे? अब्राहाम निघाला तेव्हा आपण कुठे जातो हे त्याला ठाऊक नव्हते असे इब्री लोकांस पत्रात म्हटले आहे. ऑफर लेटर त्याच्या हाती नव्हते. यात दोष त्या मुलाचा कमी आणि मंडळीचा जास्त. अंत्युखियाच्या मंडळीने आधी उपास-प्रार्थना केली आणि मग पाठवले. आपण मात्र निर्णय झाल्यावर त्यावर शिक्का मारायला बोलावले जातो. मार्गदर्शनासाठी मंडळीने बरोबर बसायचे तर ते राजीनामा देण्याआधी बसायला हवे. या मंडळीत तशी काही सोय मला दिसली नाही. सेक्रेटरींना विचारले तर ते म्हणाले की लोक आधी सांगतच नाहीत, नजर लागेल म्हणून. ख्रिस्ती मंडळीच्या सेक्रेटरीच्या तोंडून हे कारण ऐकून मी काही बोललो नाही.

दुसरी उणीव कार्यक्रमाच्या लांबीची. ज्या भाषणांना सुरुवातीला आळा घातला होता ती शेवटी आशीर्वचनाच्या आधी ‘फक्त दोन मिनिटे’ म्हणून शिरलीच, आणि त्यातल्या एका वक्त्याने स्वतःच्या बदल्यांचा इतिहास सांगितला. त्यातच प्रोजेक्टरवर जुने फोटो दाखवताना मागे सिनेमातल्यासारखे करुण संगीत लावले होते. ज्या उपासनेने इतक्या संयमाने लोकांना रडण्याची मोकळीक दिली होती, तिला रडवण्याचे यंत्र लावायची गरज नव्हती. हा भाग आमच्याकडे नको, असे मी वडीलमंडळाला कळवले आहे.

जेवण मात्र उत्तम. प्रीतिभोजनाचा स्वयंपाक केटररकडे न देता महिला मंडळाने केला होता. मटणाचा रस्सा, शाकाहाऱ्यांसाठी वांगे, भात आणि शेंगांची पोळी. जाणाऱ्या प्रत्येकाला वेगळी शिदोरी बांधून दिली होती: कडक भाकऱ्यांची चळत आणि उखळात कुटलेली शेंगाचटणी. मिक्सरमधून काढलेली चटणी भुकटीसारखी कोरडी होते; कुटलेलीला शेंगदाण्याचेच तेल सुटते आणि ती बोटांना चिकटते, तशी ही होती. दोन्ही पदार्थ प्रवासात आणि नंतरही बरेच दिवस टिकतात, म्हणजे नव्या गावात गॅसची जोडणी मिळेपर्यंतची सोय झाली. खर्च त्या दिवसाच्या स्वतंत्र अर्पणातून भागवला गेला आणि हिशेब पुढच्या रविवारी सूचनाफलकावर लावण्याची त्यांची पद्धत आहे, असे खजिनदारांनी सांगितले. लहान मंडळीला हे झेपण्यासारखे आहे. हॉल, मांडव, साउंड यांचा खर्च मुळात नाहीच.

निरोपानंतरचे कामही त्यांनी विचारात घेतलेले आहे, आणि ते मला आधी माहीत नव्हते. नव्या मंडळीकडून ‘पोहोचले, स्वीकारले’ असे कळेपर्यंत या लोकांची नावे हजेरीपटातून काढली जात नाहीत, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधूनही नाही. इतरत्र निरोपाच्या रात्रीच ग्रुपमधून काढून टाकलेली माणसे मला माहीत आहेत. नियम म्हणून ते बरोबरही असेल, पण नव्या गावात पहिली रात्र काढणाऱ्याला ते कसे लागते हे ज्याला काढले त्याला विचारावे. इथे तीन महिन्यांत नव्या मंडळीचे काहीच कळले नाही तर सेक्रेटरी स्वतः फोन करतात. पुण्यासारख्या शहरात जाऊन कोणत्याच मंडळीत न रुजलेली तरुण मुले किती आहेत हे पाहता, या एका फोनची किंमत चादरीपेक्षा जास्त आहे.

माझा सर्वांत मोठा आक्षेप जे त्या दिवशी तिथे नव्हते त्यांच्याविषयी आहे. सगळे जण बदलीने किंवा नोकरीने जात नाहीत. काही भांडून जातात, काही पाळकांवर रुसून, काही जमिनीच्या किंवा निवडणुकीच्या वादातून, आणि काही कोणाला न सांगता दुसऱ्या मंडळीत बसू लागतात. त्यांना ना पत्र, ना चादर, ना प्रार्थना. त्यांची नावे त्या दिवशी उच्चारली गेली नाहीत. देवाचे मार्गदर्शन फक्त गोडीने निघालेल्यांनाच असते असे शास्त्र म्हणत नाही. कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात पौल आणि बर्णबा यांच्यात मार्कावरून इतका तीव्र वाद झाला की ते एकमेकांपासून वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला आणि पौल सीलाबरोबर निघाला. त्या वादात कोण बरोबर होते हे कृत्यांचा लेखक लूक सांगत नाही. पण पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस, देमास सोडून गेला, बाकीचे निरनिराळ्या प्रांतांत गेले, एकटा लूक बरोबर आहे असे सांगून पौल त्याच मार्काला घेऊन ये म्हणतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. ज्याच्यावरून फाटाफूट झाली तोच अखेरीस हवासा वाटला. मग तुटून गेलेल्यांसाठी या उपासनेत एक ओळही का नसावी?

हे मी जेवणाच्या वेळी पाळकसाहेबांना विचारले. त्यांनी नाकारले नाही. अशा घरांना आता पत्र लिहिले तर ते टोमण्यासारखे वाचले जाईल, ही त्यांची भीती. आणि ती अगदीच खोटी नाही. माझे म्हणणे असे होते की पत्र नव्या मंडळीच्या पाळकांना लिहावे, त्या कुटुंबाला नव्हे, आणि त्यात वादाचा उल्लेखही करू नये. फक्त यांची मुले संडे स्कूलमध्ये चांगली पाठांतरे करत, यांच्या आईला मधुमेह आहे, एवढेच. शेजारी बसलेल्या, वडीलमंडळातल्या एका गृहस्थांना हे मुळीच पटले नाही. जे न सांगता गेले त्यांनी आधी येऊन भेटावे, असे ते म्हणाले आणि रश्शाचे भांडे पुढे सरकवले.

आमच्या वडीलमंडळाला मी जी शिफारस केली आहे ती अशी: शास्त्रपाठ, स्वतंत्र शिफारसपत्र, मागे राहणाऱ्यांसाठी प्रार्थना, शिदोरी आणि तीन महिन्यांनंतरचा फोन, हे सर्व घ्यावे, फोटोंचा कार्यक्रम आणि शेवटची भाषणे वगळावीत, फ्रेमवर वचन हवेच असेल तर यिर्मयाचे सातवे घ्यावे, आणि जाण्याचा विचार करणाऱ्यांनी राजीनामा देण्याआधी येऊन बसावे म्हणून महिन्यातली एक बुधवारची प्रार्थनासभा त्यासाठी राखावी. तुटून गेलेल्या घरांच्या पत्रांचा मुद्दा वेगळा ठेवला आहे. गेल्या काही वर्षांत आमच्याकडून असे कोण कोण गेले त्याची यादी करायला घेतली तेव्हा सेक्रेटरींना दोन घरांचे पत्ते सापडले नाहीत. त्यातले एक कुटुंब विजापूर रोडकडे राहायला गेले असे कोणीतरी म्हणाले, आणि ते नेमके कुठे हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले आहे.